धूर कोणाच्या वाट्याला?



आजच्या वाचनात गीतेच्या अठराव्या अध्यायातला ४८वा श्लोक आला. अर्थ आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. स्वभावानुसार वाट्याला आलेलं काम सदोष असलं तरी ते टाकू नये, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. कारण आगीसोबत धूर असतोच, तसा कुठल्याही कामासोबत काही ना काही दोष असतोच.

हा मोठा दिलासा देणारा श्लोक आहे. सगळं काही अगदी निर्दोष व्हायला हवं, या हट्टापायी आपल्या पिढीतली कितीतरी माणसं कामाला हातच लावत नाहीत. त्यांना भगवंत सांगतात, धुराला घाबरून आग विझवू नकोस.

पण याच श्लोकाचा आपण सोयीने वापरही खूप करतो. माझ्या क्षेत्रात तर रोज. रिलीजच्या रात्री साडेअकराला कुणीतरी म्हणतं, "बगशिवाय सॉफ्टवेअर असतं का कधी?" वाक्य शंभर टक्के खरं आहे. गंमत अशी की हे वाक्य उच्चारल्यावर चर्चा संपते. तो बग कुणाला लागणार, किती लागणार, हे मग कुणी विचारत नाही.

तर आजचा प्रश्न असा: दोष अटळ आहे, हे मान्य. पण माझ्या कामातून निघालेल्या दोषाची जबाबदारी कुठपर्यंत माझी? माझा हेतू चांगला होता, एवढं म्हटलं की ती संपते का?

हा प्रश्न माझ्यासमोर पुस्तकातून आला नाही. तो आला एका गाडीच्या सायलेन्सरमधून.

आमच्या कॉलनीत एक काका राहतात. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली. हाताला फार छान वळण. मिक्सर बिघडला, नळाचा वायसर गेला, की लोक आधी त्यांच्याकडे जातात. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहेच. मे महिन्यात अर्ध्या गल्लीच्या कूलरचे पंप काकांनीच चालू करून दिलेले असतात. पैसे विचारले तर रागावतात. रविवारी हनुमान मंदिरात आमचं गीतावाचन असतं, तिथं सगळ्यात आधी सतरंजी अंथरायला तेच. माणूस कसा आहे हे आधी सांगतोय, कारण पुढचं त्याशिवाय नीट कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्यांची जुनी पेट्रोल गाडी फटफटीसारखी वाजायला लागली. इंजिनाजवळ सायलेन्सरच्या पाइपात जाळीचा एक लवचीक तुकडा असतो. इंजिन थरथरलं तरी पुढचा पाइप तुटू नये म्हणून तो बसवलेला असतो. गॅरेजवाले त्याला 'फ्लेक्सिबल' म्हणतात. त्याला चीर गेली होती. गॅरेजवाल्याने सांगितलं, तो तुकडा कापून नवा वेल्ड करावा लागेल. काका म्हणाले, "एवढ्याशा चिरेसाठी? त्याच्यात का आहे, मी घरीच करतो."

आणि केलं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाइपाभोवती गुंडाळला, खालून हार्डवेअरच्या दुकानातला इपॉक्सीचा लगदा भरला, वरून दोन क्लिपा आवळल्या. गाडी सुरू केली. आवाज बंद! काकू खूश, गल्ली खूश.

पुढच्या रविवारी मंडळी रामटेकला निघाली. जेमतेम पन्नास किलोमीटरचा रस्ता. डिसेंबरची सकाळ, थंडी म्हणून काचा बंद. मागच्या सीटवर सात वर्षांची नात अंग मुडपून झोपलेली. मनसरच्या आधी गाड्यांची रांग लागली आणि गाडी बराच वेळ जागच्या जागी सुरू राहिली. काकूंचं डोकं दुखायला लागलं. नात उठली आणि तिला उलटी झाली. सगळ्यांना वाटलं, पोरीला गाडी लागली. लिंबू हुंगायला दिलं, जरा वेळ काचा उघडल्या, बरं वाटलं. गडावर मोकळ्या हवेत पोर अगदी छान बागडली. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच, आणि या वेळी पोर नीट जागीच होईना.

घरी येऊन काकांनी कोरोनाच्या काळात आणलेला ऑक्सिमीटर तिच्या बोटाला लावला. आकडा आला ९८. म्हणजे ठीक आहे, असं समजून तासभर गेला. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडीत बसल्यावरच होतं का हे?" रक्त तपासलं तर त्यात कार्बन मोनॉक्साइड निघाला. ऑक्सिजनचा मास्क लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पोर हसत घरी आली. पांडुरंगाची कृपा.

नंतर गाडी गॅरेजमध्ये उचलून पाहिली. इपॉक्सी उष्णतेने जळून भुसा झाली होती. पत्रा जागेवर होता, म्हणून आवाज दबलेला होता. पण त्याच्या कडेने गॅस सरळ गाडीच्या पोटाखाली जात होता. वर पायपुसण्याखाली तळाच्या पत्र्यातलं एक रबरी बूच कधीतरी निघून पडलं होतं, त्या भोकातून तो आत येत होता. मेकॅनिक एवढंच म्हणाला, "काका, आवाज बंद केला तुम्ही, धूर नाही बंद केला."

त्यानंतरच्या रविवारी वाचन संपल्यावर काका हळूच म्हणाले, "मी तर चांगल्यासाठीच केलं ना? दोष तर सगळ्याच कामात असतो. भगवंतच म्हणतात." सगळ्यांनी मान डोलावली. दुसरं कुणी काय बोलणार? पण त्यांच्या डोळ्यांकडे पाहिल्यावर जाणवलं की त्या उत्तराने त्यांचंच समाधान झालेलं नव्हतं. मला वाटतं, गीतेनेही त्यांना इतक्या स्वस्तात सोडलं नसतं. आणि इतकं एकटंही सोडलं नसतं.

आधी त्या पाइपाकडे जरा नीट पाहू या.

इंजिनाच्या मागे जोडलेल्या या सगळ्या यंत्रणेला आपण 'सायलेन्सर' म्हणतो. खरं तर तिची कामं चार. जळलेला गॅस माणसांपासून दूर नेऊन सोडणं, हे पहिलं. त्यातलं विष कमी करणं, हे दुसरं. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर करतो. त्यातल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंच्या पातळ थरावर कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. तिसरं काम, ऑक्सिजन सेन्सरमार्फत इंजिनाच्या संगणकाला बातमी देणं की आत जळण नीट होतंय की नाही. आणि चौथं, आवाज कमी करणं. चार कामांपैकी आपण नाव कशावरून दिलं? आवाजावरून. कारण आपल्याला त्रास होतो तो आवाजाचा. बाकीच्या तीन कामांचा त्रास दुसऱ्याला होतो.

आता हा कार्बन मोनॉक्साइड बघा. पेट्रोल पूर्ण जळलं नाही की तो तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट त्याला धरून ठेवतं. माणूस श्वास घेत राहतो आणि तरी आतून गुदमरतो. सुरुवातीला फक्त डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. घरगुती ऑक्सिमीटरला तर हा फरक ओळखताच येत नाही. कार्बन मोनॉक्साइडने अडवलेलं हिमोग्लोबिनही तो ऑक्सिजनवालं म्हणूनच मोजतो. म्हणून तो ९८ आकडा. धुराचा सगळ्यात घातक भाग तोच, जो धुरासारखा दिसत नाही.

सेन्सरचीही अशीच फसगत होते. सेन्सरच्या आधी पाइपाला चीर असेल तर त्या चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं, ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. संगणक आणखी पेट्रोल सोडतो. म्हणजे आणखी अर्धवट जळण, आणखी विष. यंत्र आपल्या परीने प्रामाणिक आहे. त्याला मिळालेली बातमी खोटी आहे. आपल्या मनाचंही असंच होत नाही का? 'आवाज येत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे,' ही बातमी मिळाली की आपण निश्चिंत होऊन आणखी जोरात काम करतो.

हे एका काकांचंच नाही. सगळ्या जगाने हेच केलंय, आणि तेही याच यंत्राच्या बाबतीत.

१९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली नावाचा इंजिनिअर इंजिनाचा एक आवाज बंद करायच्या मागे होता. इंजिनात 'नॉकिंग' होतं ना, ठकठक, ती. पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळल्यावर ती ठकठक थांबली. गाड्या मऊ चालू लागल्या. विकताना त्याचं नाव ठेवलं 'इथिल', शिशाचा उल्लेखच त्यात नाही. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात ते बनवणारे कामगार विषबाधेने मेले, तेव्हा मिजलीने पत्रकारांसमोर तो द्राव हातावर ओतून दाखवला, की बघा, काही होत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी त्याला स्वतःला शिशाची बाधा झालेली होती. पुढे कितीतरी दशकं जगभरच्या रस्त्यांवरच्या मुलांनी ते शिसं श्वासातून घेतलं. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथं ते २०२१ मध्ये संपलं. ठकठक बंद करण्याची किंमत शंभर वर्षं दुसऱ्यांनी मोजली.

आणि २०१५ चं प्रकरण तर आपल्या, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या, घरातलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये असा कोड सापडला की गाडी प्रदूषण तपासणीवर आहे हे तो ओळखायचा आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचा. रस्त्यावर आलं की पुन्हा मोकाट. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. पुण्याच्या एआरएआयने, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, इथल्या गाड्या तपासल्यानंतर भारतातही तीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. तो कोड कुणीतरी टाइप केला असेल. कुणीतरी रिव्ह्यू केला असेल. आपल्यासारख्याच कुणीतरी, आपल्यासारखाच चहा पीत.

या तिघांना मी एका पारड्यात ठेवत नाहीये. काकांना माहीत नव्हतं. मिजलीला माहीत होतं, पण त्याने पाहायचं नाकारलं. त्या कोडवाल्यांनी माहीत असून लपवलं. न कळणं, कळून न बघणं आणि कळून लपवणं, या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि तिन्हींचं पाप सारखं नाही. पण एक गोष्ट तिन्हींकडे सारखी आहे. ज्याने निर्णय घेतला, त्याच्या नाकात धूर गेला नाही, किंवा सगळ्यात कमी गेला. मागच्या सीटवर झोपलेल्या पोरीच्या नाकात गेला. रस्त्याच्या कडेला खेळणाऱ्या मुलांच्या नाकात गेला.

आपल्या जुन्या घरांतही हेच होतं. चूल पेटायची तिचा स्वयंपाक सगळ्यांच्या ताटात यायचा आणि धूर आजीच्या डोळ्यांत राहायचा. घराला धुराडं करायला शे-दोनशे विटा पुरल्या असत्या. पण ज्याने त्या विटा आणायच्या तो ओसरीवर बसलेला असायचा, आणि ओसरीवर धूर येत नसे.

म्हणून मला वाटतं, 'कामात दोष असतोच' हे वाक्य अर्धंच आहे. त्यापुढचा प्रश्न आपण विचारायचा आहे: हा धूर जातोय कोणाच्या वाट्याला?

गीता हा प्रश्न खरोखर विचारते. तेही त्याच अठराव्या अध्यायात, फक्त तेवीस श्लोक आधी. २५व्या श्लोकात तामस कर्म कोणतं ते सांगितलंय. चार गोष्टींचा विचार न करता, मोहाने सुरू केलेलं, ते तामस. या चार गोष्टी इतक्या नेमक्या आहेत की इंजिनिअरने भिंतीवर लावाव्यात.

पहिली, अनुबंध. या कामाच्या मागोमाग काय येणार? मी इथं चीर बुजवली, तर आतला गॅस आता कुठून वाट काढेल?

दुसरी, क्षय. यात काय झिजेल, काय खर्ची पडेल? इपॉक्सी किती उष्णता सोसेल? इंजिनाजवळचा हा पाइप कित्येक शे अंश तापतो.

तिसरी, हिंसा. हे फसलं तर इजा कुणाला होईल? मला, की दुसऱ्याला?

चौथी, पौरुष. म्हणजे माझी क्षमता. हे मला जमतं का, आणि जमलं की नाही हे तपासायची माझ्याकडे काही सोय आहे का?

यात 'तुझा हेतू चांगला होता का' हा प्रश्नच नाही. मला पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा जरा धक्का बसला. आपल्याला वाटतं तामस म्हणजे दुष्ट. श्लोकात दुष्टपणाचा शब्द नाही. तिथं मोह आहे. मोह म्हणजे न पाहणं. प्रेमाने, सेवाभावाने, चार पैसे वाचवायच्या साध्या इच्छेने केलेलं कामही न पाहता केलं तर तामस होऊ शकतं. कार्बन मोनॉक्साइड कर्त्याचा हेतू विचारत नाही.

मग काका तामस झाले का? इथं गीतेची करुणा दिसते. तिने कर्माचे तीन प्रकार २३ ते २५ या श्लोकांत सांगितले आणि कर्त्याचे तीन प्रकार पुढे २६ ते २८ मध्ये वेगळे सांगितले. दोन याद्या आहेत. एखादं कर्म तामस ठरलं म्हणून करणारा माणूसच तामस आहे, असं आपोआप होत नाही. आमच्या क्षेत्रात मोठा बिघाड झाला की चांगल्या टीममध्ये एक बैठक होते. तिथं 'कोणी केलं' यापेक्षा 'कसं झालं' हे शोधतात, कारण माणसाला बोल लावायला बसलं की खरं कारण लपून बसतं. ही पद्धत आम्हाला फार आधुनिक वाटते. गीतेत ती केव्हाची आहे.

म्हणून काकांच्या प्रश्नाला माझं उत्तर दोन भागांत आहे. काका, तुम्ही चांगलेच आहात. त्यावर कुणी बोट ठेवत नाही. आणि ते काम चुकीचंच होतं. तुमच्या चांगुलपणाने ते बरोबर होत नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. त्यातलं पहिलं वाक्य नीट पटलं, तर दुसरं सोसायला बळ येतं. मी वाईट ठरेन या भीतीने माणूस चूक मान्य करत नाही. भगवंत ती भीतीच काढून घेतात.

आता कुणी म्हणेल, मग काय, घरी पाना हातात घ्यायचाच नाही? प्रत्येक कामाआधी चार प्रश्नांची परीक्षा दिली तर काम कधी होणार? रास्त शंका आहे. आणि तिथंच ४८वा श्लोक पुन्हा मदतीला येतो. काम टाकू नकोस, असंच त्यात म्हटलंय. आपली वस्तू आपल्या हाताने दुरुस्त करणं ही फार चांगली सवय आहे. वायपर बदला, एअर फिल्टर साफ करा, बॅटरीची टर्मिनलं घासा. यातला दोष फार तर आपल्यालाच ढकलगाडी करायला लावेल. पण ब्रेक, स्टीअरिंग आणि सायलेन्सर यांच्यातला दोष दुसऱ्याच्या अंगावर जातो. तिथं एक पायरी जास्त चढायची. गॅरेजमधला साधा मुलगाही सायलेन्सरचं काम झालं की मागच्या नळीच्या तोंडाशी क्षणभर चिंधी धरतो आणि कुठून फुसफुस येते का ऐकतो, किंवा गार पाइपावर साबणाचं पाणी लावून गाडी सुरू करतो आणि बुडबुडे बघतो. पाच मिनिटांचं काम. त्याच्याकडे डिग्री नाही. त्याच्याकडे तपासायची सवय आहे. पौरुष म्हणजे मला वाटतं ही सवय.

ओघाने सांगून ठेवतो, कारण हे जिवाशी आहे. गाडीत एकापेक्षा जास्त जणांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, विनाकारण झोप यायला लागली, तर काचा उघडा, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि सगळे खाली उतरा. बरं वाटलं तरी दवाखान्यात जा आणि गाडीतच त्रास झाला हे आवर्जून सांगा. बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवू नका. आणि ऑक्सिमीटरच्या आकड्यावर विसंबू नका.

याच अध्यायातल्या ४६व्या श्लोकात आणखी एक सुंदर गोष्ट आहे: आपल्या कर्मानेच भगवंताची पूजा करावी आणि सिद्धीला पोचावं. आपण हे वाक्य फार आवडीने सांगतो, 'माझं कामच माझी पूजा'. मग जरा पूजेसारखं वागून बघू. घरी नैवेद्याचे तांदूळ निवडताना आई खडा राहू नये म्हणून किती डोळ्यात तेल घालून बसते! 'खडे तर असतातच' म्हणून ती तसेच शिजवत नाही. आणि खड्याच्या भीतीने नैवेद्य रद्दही करत नाही. तांदळात खडे असणार हे तिला माहीत आहे, म्हणून तर ती निवडते. ४८व्या श्लोकाचा अर्थ मला तिच्याकडे बघून कळतो. दोष असतोच, हे वाक्य हात झटकण्यासाठी नाही. सूप हातात घेण्यासाठी आहे.

विनोबांची आठवण इथं होते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी एक अशी गीतेवर अठरा प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हे आपण जाणतो. पण पुढे चाळिशीच्या दशकात पवनारला असताना हेच विनोबा खांद्यावर फावडं टाकून रोज जवळच्या सुरगावला चालत जायचे आणि गावाचा मैला साफ करायचे. ऊन असो, पाऊस असो. गीतेवर इतकं अधिकाराने बोललेला माणूस शेवटी कुठं जाऊन उभा राहिला, बघा. माणसं जे मागे टाकून देतात आणि वळून बघत नाहीत, तिथं. नागपूरहून सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर आहे पवनार. कधी गेलात तर धाम नदीच्या काठी बसून यावर जरूर विचार करा.

प्रत्येक जगण्याला एक मागची बाजू असते. आपण समोरच्या काचेतून पुढे बघत जातो आणि आपला धूर मागे राहतो. आपण बोललेला शब्द, घाईत पाठवलेला मेसेज, 'नंतर बघू' म्हणून बंद केलेलं तिकीट, घरकाम करणाऱ्या मावशींवर ढकललेली आपली घाई. यातून निघणारा धूर कुणीतरी श्वासात घेतंय. बहुतेक वेळा ते माणूस आपल्यापेक्षा लहान असतं, दुबळं असतं, किंवा आपल्यावर विश्वास ठेवून मागच्या सीटवर झोपलेलं असतं. ते तक्रार करत नाही. म्हणून आवाज येत नाही. म्हणून आपल्याला वाटतं, दुरुस्ती झाली.

आजची साधना छोटी आहे. रात्री झोपण्याआधी दिवसभरातलं फक्त एक काम आठवा, ज्यावर आपण खूश आहोत. वाईट काम नको, चांगलंच घ्या. आणि शांतपणे चार प्रश्न विचारा: याच्यामागे काय आलं? यात काय झिजलं? कुणाला लागलं? मी तपासून पाहिलं का? उत्तर टोचलं तर स्वतःला शिव्या घालू नका. उद्या सकाळी उठून त्या माणसाला फोन करा, ते तिकीट पुन्हा उघडा, ती चीर नीट वेल्ड करून घ्या. प्रायश्चित्त म्हणजे बहुतेक वेळा इतकंच असतं.

आणि प्रार्थना करू या. पांडुरंगा, आग दिली आहेस, ती विझू देऊ नकोस. धूर होणार, हे तूच सांगितलंस. तो ज्याच्या वाट्याला जातोय, त्याच्याकडे वळून बघायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.